रस्ता झाला, रोजगार राहिला

मेहकरहून मालेगावकडे निघाले की वाटेत डोणगाव लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील या मोठ्या गावाच्या भोवती तीन प्रकारचे रस्ते आहेत. पहिला जुना राजरस्ता. नागपूरहून जालना, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि पुढे मुंबईकडे जाणारी वाहतूक कित्येक वर्षे याच रस्त्याने, गावाला स्पर्श करीत गेली. दुसरा नवा. सहा पदरी आणि दोन्ही बाजूंनी बंदिस्त असा समृद्धी महामार्ग डोणगावच्या परिसरातूनच जातो. पण गावात शिरत नाही. तिसऱ्या रस्त्याला क्रमांक नाही, दगड नाही, पाटी नाही. तो गावातून शिवारात जाणारा पाणंद रस्ता. उन्हाळ्यात तो धुळीचा असतो आणि पावसाळ्यात चिखलाचा. महाराष्ट्र शासनाने गेल्या अर्धशतकात दळणवळणावर जो पैसा खर्च केला, त्यामागचा विचार कसकसा बदलत गेला, हे या तीन रस्त्यांकडे पाहिले म्हणजे समजते.

दरवर्षी मुंबईत अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा रस्ते, पूल आणि महामार्ग यांसाठीच्या तरतुदी मोठ्या अभिमानाने वाचून दाखविल्या जातात. पायाभूत सुविधा आणि रोजगारनिर्मिती हे दोन शब्द त्या भाषणांत बहुधा एकाच श्वासात येतात. रस्ता बांधला की रोजगार आपोआप निर्माण होतो, हे जणू गृहीतच धरलेले असते. हे गृहीतक कितपत खरे आहे? डोणगावसारख्या गावाचा अनुभव असा की, रस्ता आणि रोजगार ही जुळी भावंडे नव्हेत. कधी रोजगार मिळतो पण रस्ता टिकत नाही. कधी रस्ता उत्तम होतो पण रोजगार गावाच्या हाती लागत नाही. दोन्ही एकत्र आणावयाचे तर ते शासनाने हेतुपुरस्सर आणावे लागतात.

घाटावरचा मुलूख

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटाखालचा’ आणि ‘घाटावरचा’ असे दोन भाग लोक बोलताना सहज करतात. घाटाखाली पूर्णेचे खोरे आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत, आणि जलंबहून खामगावपर्यंतचा फाटा तर १८७० मध्येच सुरू झाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एका लहानशा फाट्यासाठी एवढा मोठा अधिकारी का आला, याचे उत्तर खामगावच्या कापूस बाजारात होते. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांत लवकर पोहोचावा, ही त्या राज्यकर्त्यांची निकड होती. आगगाडी माणसांसाठी नव्हे, मालासाठी आली. तरीही ती आल्यामुळे खामगावात सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, अडतीची दुकाने वाढली, हमालांना काम मिळाले. ज्या गावात माल थांबतो, चढतो, उतरतो आणि रूप बदलतो, तेथे रोजगार होतो. नुसता माल ज्या गावावरून जातो तेथे होत नाही. एवढा धडा खामगावने दीडशे वर्षांपूर्वीच दिला होता.

घाटावरच्या मेहकर, चिखली, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी इंग्रजी अमदानीतील आहे. तिच्यासाठी सर्वेक्षणे झाली, आंदोलने झाली, खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याची तयारी राज्य शासनाने दाखविली. पण अद्याप रूळ पडलेले नाहीत. त्यामुळे घाटावरच्या माणसाचे सारे जीवन रस्त्यावर अवलंबून राहिले. सोयाबीनचे पोते, आजारी माणूस आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी, सर्वांनाच रस्त्याने जावे लागते. विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब करणाऱ्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात रस्त्यांचाही विचार केला होता. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. या सगळ्या काळात अनुशेष मोजला गेला तो किलोमीटरांत. त्या किलोमीटरांनी किती हातांना किती काळ काम दिले, हा प्रश्न मात्र हिशेबाच्या बाहेरच राहिला.

टिकाव, फावडे आणि हमी

हा प्रश्न महाराष्ट्राने कधी विचारलाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने तो देशातील इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक गांभीर्याने विचारला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. खडी फोडणे, माती वाहणे, बांध घालणे, तलाव खोदणे ही ती कामे. सुकडी आणि मिलो हे शब्द त्या काळाच्या आठवणीत आजही रुतून बसले आहेत. त्याआधी, १९६५ मध्ये, वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा एक लहान प्रयोग केला होता. त्या प्रयोगातून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे वेगळेपण लक्षात घेतले पाहिजे. मंदीच्या काळात सरकारने रस्ते बांधून लोकांना काम द्यावे, ही कल्पना जगाला नवी नव्हती. अमेरिकेत रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत १९३५ पासून लक्षावधी बेकारांना रस्ते, पूल, शाळा यांच्या कामावर लावण्यात आले होते. परंतु तेथे काम देणे ही सरकारची मर्जी होती. महाराष्ट्राने ते मजुराचा हक्क म्हणून मान्य केले. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. आणि या हक्कासाठी पैसा कोठून आणावयाचा, याचेही उत्तर शासनाने दिले. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला आणि रोजगार हमीच्या करांतून जेवढे उत्पन्न येईल तेवढीच भर शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाची ठरले. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया खेड्यातील बाईच्या मजुरीत पोहोचावा, अशी ही व्यवस्था होती. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि तेथे मजुरीचा दर स्त्री-पुरुष असा भेद करीत नव्हता, ही गोष्ट शेतमजुरीच्या त्या काळच्या रीतीकडे पाहता लहान नव्हे.

मग या योजनेतून झालेले रस्ते कसे होते? येथे प्रशंसा थांबवून सत्य सांगितले पाहिजे. खर्चाचा साठ टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावा, हा नियम मजुराच्या दृष्टीने योग्य होता. रस्त्याच्या दृष्टीने तो पुष्कळदा अपुरा पडे. मातीकाम होई, खडी पसरली जाई. पण मोरी बांधावयाची, दबाई करावयाची, डांबर टाकावयाचे म्हटले की उरलेल्या चाळीस टक्क्यांत ते बसत नसे. काळ्या मातीच्या मुलखात ही उणीव विशेष जाचक ठरते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर मुरमाचा जाड थर नसेल आणि दोन्ही बाजूंना पाणी काढून देणारे चर नसतील, तर रस्ता दोन पावसाळेही धड काढीत नाही. अपुरी राहिलेली अशी कामे नंतर कोणाच्या ताब्यात द्यावयाची यावर खात्यांत पत्रव्यवहार होत राही, आणि तोपर्यंत रस्ता पुन्हा शेतात विरघळून जाई. मजुराच्या घरात चूल पेटली, हे योजनेचे यश. त्याच्या घामातून उभी राहिलेली वस्तू टिकली नाही, हे तिचे अपयश. पुढे २००५ मध्ये संसदेने महाराष्ट्राच्या या कल्पनेवरून राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा यश आणि अपयश दोन्ही देशभर गेले.

यंत्रांचा रस्ता

समृद्धी महामार्ग ही याच्या अगदी उलट टोकाची गोष्ट आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा मार्ग दहा जिल्ह्यांतील ३९२ गावांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन मार्ग पुरा झाला. सुमारे ५५ हजार कोटी रुपयांच्या अंदाजाने आरंभलेल्या या कामाचा खर्च अखेरीस ६० हजार कोटींच्या पुढे गेल्याचे सांगितले गेले. म्हणजे जमिनीच्या मोबदल्यासह एका किलोमीटरला ८० कोटींहून अधिक. बँकांची कर्जे, शासनाच्या अन्य महामंडळांचे भागभांडवल आणि पुढील अनेक वर्षांचा पथकर यांच्या भरवशावर रस्ते विकास महामंडळाने हे काम तडीस नेले. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या चार तालुक्यांतून हा मार्ग जातो. चारही तालुके घाटावरचे.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम मोठे आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. नागपूरची संत्री आठ-नऊ तासांत मुंबईच्या बाजारात पोहोचू शकतात, ही सोय क्षुल्लक नाही. परंतु ज्या साठ हजार कोटींचा उल्लेख रोजगाराच्या आकड्यांबरोबर केला गेला, त्यांतील मजुरीचा भाग घाटावरच्या गावांत किती उतरला? या रस्त्यावर टिकाव-फावड्याला जागा नव्हती. माती पोकलेनने काढली, डंपरने वाहिली, काँक्रीट यंत्राने मिसळले आणि यंत्रानेच पसरले. ती यंत्रे चालविणारे कुशल कामगार पुष्कळसे परराज्यांतून, ठेकेदारांबरोबर आले आणि काम संपताच पुढच्या कामावर गेले. स्थानिक तरुणांच्या वाट्याला पहारेकरी, वाहनचालक, गाड्या भाड्याने देणे अशी कामे आली. तीही तेवढ्या मुदतीपुरती. यात कोणाचे कारस्थान नव्हते. १२० किलोमीटर वेगासाठी लागणारा रस्ता हातांनी बांधता येत नाही, एवढेच त्याचे कारण. पण मग त्याच्या खर्चाला रोजगाराचे नाव देताना तरी हात आखडता घ्यावयास हवा होता.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना थेट खरेदीने, भरीव दराने मोबदला मिळाला, हे खरे. पण जमीन मालकाची जाते, तर मजुराचे काम जाते, आणि मोबदल्याच्या कागदावर त्याचे नाव नसते. ज्या शेतात सोंगणीच्या दिवसांत दहा बाया कामाला जात, ते शेत रस्त्याखाली गेल्यावर त्या दहा जणींना कोणी धनादेश दिला नाही. मालकाला जमिनीची किंमत मिळाली. त्या जमिनीवरील श्रमाची किंमत मोजण्याची पद्धतच या देशात नाही.

रस्ता बांधून झाल्यावर तरी तो गावाच्या उपयोगी पडावा. येथेही अडचण आहे. द्रुतगती मार्गावर दुचाकी, तीनचाकी आणि बैलगाडी यांना मज्जाव असतो. सुरक्षिततेसाठी तो असावाच. परंतु डोणगावच्या सामान्य कुटुंबाकडे जे वाहन असण्याचा संभव आहे, नेमके तेच या रस्त्यावर चालत नाही. ज्याला मोटार आहे त्यालाही मेहकर किंवा मालेगावच्या बाजूला दिलेल्या प्रवेशद्वारापर्यंत आधी जुन्याच रस्त्याने जावे लागते. आणि त्या जुन्या रस्त्यावर चहाची टपरी, खानावळ, चाके दुरुस्त करणारे दुकान ज्यांनी लांबच्या वाहतुकीच्या भरवशावर घातले, त्यांचे गिऱ्हाईक नव्या रस्त्याने निघून जाते. बंदिस्त मार्गाच्या कडेला टपरी टाकता येत नाही. तेथे व्यवसाय करावयाचा तो नेमून दिलेल्या सुविधा केंद्रांतच. आणि मार्ग खुला झाला तेव्हा ती केंद्रे पुरेशी तयारही नव्हती. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे बसला आग लागून २५ प्रवासी दगावले. त्यानंतर लांबच लांब एकसुरी रस्ता, चालकांना येणारी गुंगी आणि विसाव्याच्या जागांची वाण यांची चर्चा राज्यभर झाली. विसाव्याच्या त्या जागा म्हणजेच कडेच्या गावांचा रोजगार होता. ज्याने प्रवाशाचा जीव सांभाळला असता त्यानेच गावकऱ्याचा संसार सांभाळला असता. दोन्ही गोष्टींना एकाच वेळी उशीर झाला.

नवनगरांचे आश्वासन

या टीकेला शासनाचे उत्तर ठाऊक आहे. महामार्गाचा रोजगार हा बांधकामाच्या मजुरीत पाहू नये. मार्गाच्या कडेने जी कृषी समृद्धी नवनगरे उभी राहतील, त्यांत शीतगृहे, प्रक्रिया उद्योग, गोदामे होतील आणि खरा रोजगार तेथे मिळेल, असे ते उत्तर होते. युक्तिवाद चुकीचा नाही. खामगावचा अनुभव नेमका तोच सांगतो. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील साब्रा-काब्रा आणि सिंदखेडराजा तालुक्यातील सावरगाव माळ ही नावे त्यासाठी पुढे आली. पण रस्त्याचे काम ज्या वेगाने धावले त्या वेगाने नवनगरांचे काम चालले नाही. रस्त्याला पैसा, मुदत, ठेकेदार आणि उद्घाटनाची तारीख होती. नवनगरांना त्यांतले फारसे काही नव्हते. घाटावरचे सोयाबीन आजही पोत्यांत भरून बाहेर जाते, आणि त्याचे तेल व पेंड दुसरीकडे कोठे तरी होते. महामार्गामुळे ते अधिक वेगाने बाहेर जाईल, एवढाच काय तो फरक. वेगाने गेलेल्या कच्च्या मालाने गावाचा रोजगार वाढत नाही.

एका बाबतीत मात्र बुलढाणा जिल्ह्याने वेगळी वाट दाखविली. राष्ट्रीय महामार्गांच्या कामांना लागणारी माती आणि मुरूम डोंगर फोडून न आणता तलावांतील गाळ काढून, नाले खोल करून घ्यावा, अशी पद्धत येथे अवलंबिण्यात आली आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने तिचे देशभर कौतुक झाले. ठेकेदाराला भराव मिळाला आणि शिवाराला पाणी साठविण्याची जागा मिळाली. एकाच रुपयाने दोन कामे करता येतात, फक्त निविदा काढण्यापूर्वी तसा विचार करावा लागतो, हे या उदाहरणाने सिद्ध झाले. पाण्याच्या बाबतीत जे सुचले ते रोजगाराच्या बाबतीत का सुचू नये?

तिसरा रस्ता

आता त्या तिसऱ्या रस्त्याकडे वळावे. सोयाबीनची सोंगणी दसरा-दिवाळीच्या आसपास येते, आणि अलीकडे परतीचा पाऊसही त्याच सुमारास गाठतो. कापलेल्या पिकाची सुडी लावून ती ताडपत्रीने झाकलेली असते. मळणीयंत्र शेतात न्यावयाचे तर पाणंद गुडघाभर चिखलाची. यंत्र येत नाही, आलेच तर निघत नाही. सुडी भिजते, दाण्याला डाग पडतो, आणि बाजारात भाव पडतो. शेतकऱ्याचे नुकसान समृद्धी महामार्गावर होत नाही, शेतापासून डांबरी सडकेपर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरांत होते. शेतात यंत्र जाऊ शकत नाही म्हणून कित्येकांना भाजीपाला, फळबाग, दूध यांसारखे रोज वाहतूक लागणारे उत्पादन घेण्याचा विचारच सोडावा लागतो. आणि नेमके हेच व्यवसाय वर्षभर हातांना काम देणारे असतात.

पाणंदीची दुर्दशा केवळ चिखलाची नाही, ती कायद्याच्या दृष्टीनेही पोरकी आहे. राष्ट्रीय महामार्गाला केंद्र आहे, राज्य मार्गाला सार्वजनिक बांधकाम खाते आहे, ग्रामीण मार्गाला जिल्हा परिषद आहे; पाणंदीला गावनकाशावरील एक रेघ आहे. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी वीतभर पुढे सरकतात आणि बैलगाडीची वाट पायवाट होऊन बसते. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराला आहे; बांधावरून वाट देण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वये आहे. अधिकार आहेत; पण भाऊबंदकीच्या वादात हात घालून मोजणी करून घेण्याची उसंत आणि इच्छा किती ठिकाणी असते, हे ग्रामीण महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली. रोजगार हमीतून मजुरी आणि राज्याच्या निधीतून मुरूम, खडी व दबाई, अशी तिची जुळणी होती. अर्धवट रस्त्यांचे जे जुने दुखणे होते त्यावर हाच इलाज होता. अशा रस्त्याच्या एका किलोमीटरचा खर्च पाव कोटीच्या आसपास धरला जातो. म्हणजे महामार्गाच्या एका किलोमीटरच्या पैशात तीनशे किलोमीटरहून अधिक पाणंद रस्ते होतात. महामार्ग बांधू नये, असा या तुलनेचा अर्थ नाही. पण रांगेत कोण पुढे उभा आहे आणि कोण मागे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

मैलकुलीची जागा

बांधलेला रस्ता राखण्याचा प्रश्न तर त्याहून उपेक्षित आहे. एके काळी बांधकाम खात्याच्या रस्त्यांवर मैलकुली असे. ठरलेल्या लांबीचा रस्ता त्याच्या ताब्यात. मृगापूर्वी चर उकरणे, मोरीच्या तोंडचा कचरा काढणे, साइडपट्टी भरणे आणि खड्डा लहान असतानाच तो बुजविणे, हे त्याचे काम. पगार बेताचा, पण बारमाही; आणि रस्ता कोठे दगा देतो हे त्याला इंजिनियरइतकेच ठाऊक. या जागा हळूहळू भरल्या जाईनाशा झाल्या, देखभाल ठेक्याने देण्याची रीत पडली. खड्डा फावड्याएवढा असताना त्याच्याकडे पाहणारे कोणी राहिले नाही. तो गाडी अडकण्याएवढा झाला म्हणजे निविदा निघते. बचतीच्या नावाखाली एक कायमचा रोजगार गेला आणि रस्त्याचे आयुष्यही घटले. खर्च वाचला नाही. तो मजुरीच्या रकान्यातून ठेक्याच्या रकान्यात गेला, एवढेच.

आजचा शिकलेला मुलगा फावडे हाती घेईल काय, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. डोणगाव-मेहकरच्या भागातील तरुण पुण्याकडे, मुंबईकडे जातो तो खडी फोडण्याच्या कामाला कंटाळूनच. पण त्याला द्यावयाचे काम १९७२ चे असावे, असे कोणी म्हटले आहे? रोलर चालविणे, मोरीचे बांधकाम, मोजणी, पाण्याच्या उताराची आखणी, रस्त्याच्या कडेची झाडे वाढविणे, ही सारी कौशल्याची कामे आहेत आणि ती त्याच गावच्या माणसाने केली तर अधिक चांगली होतील. सुशिक्षिताला हवे असते ते नियमित वेतन आणि कामाची प्रतिष्ठा. त्या दोन्ही गोष्टी देणे शासनाच्या हाती आहे.

आणि आता खर्चाचा प्रश्न राज्याला पूर्वीपेक्षा अधिक जवळून भिडणार आहे. २००५ च्या कायद्यात अकुशल मजुरीचा भार केंद्र उचलत असे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांचा वाटा चाळीस टक्के ठरला. ज्या योजनेचा जन्म महाराष्ट्राच्या तिजोरीतून झाला, तिच्याकडे राज्याच्या तिजोरीला पुन्हा पाहावे लागणार आहे. अशा वेळी पवनार ते पत्रादेवी अशा दुसऱ्या प्रचंड महामार्गाची तयारी करणाऱ्या शासनाने पहिल्या महामार्गाचा जमाखर्च जनतेपुढे मांडणे उचित ठरेल.

तो जमाखर्च किलोमीटर आणि मिनिटे यांत मांडून चालणार नाही. किती दिवसांची मजुरी, कोणत्या तालुक्यातील माणसांना, काम चालू असताना किती आणि काम संपल्यावर किती, असा तो मांडला पाहिजे. मोठ्या रस्त्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात वाटेवरील गावांच्या पाणंदी आणि जोडरस्ते यांच्यासाठी ठराविक हिस्सा आरंभीच बाजूला काढला गेला पाहिजे. तो नंतरच्या कृपेवर सोडता कामा नये. प्रवेशद्वाराजवळच्या गोदामाची आणि तेलगिरणीची मुदत रस्त्याच्या मुदतीबरोबरच बांधली गेली पाहिजे. आणि प्रत्येक मंडळात रस्ते राखणारी कायम नेमणुकीची माणसे पुन्हा दिसली पाहिजेत. यांपैकी कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही, की विलायती कर्ज लागत नाही.

नागपूर आणि मुंबई यांच्यातील अंतर कमी झाले, ही गोष्ट आनंदाची आहे. पण डोणगावच्या शिवारातील सुडी आणि डोणगावची सडक यांच्यातील अंतर अजून तेवढेच आहे, आणि परतीच्या पावसात ते दरवर्षी वाढते. ते दीड-दोन किलोमीटर ज्या दिवशी शासनाच्या हिशेबात ७०१ किलोमीटरांच्या बरोबरीने मोजले जातील, त्या दिवशी रस्त्यांवरील खर्चाला रोजगाराचा खर्च म्हणण्याचा अधिकार शासनाला प्राप्त होईल.